शेंड्याकडून वाळत येणारं झाड : औषधाआधी काय काय तपासायचं

शेंडा वाळतो. आपण तो कापतो, वर औषध मारतो. महिन्याभरात कापलेल्या जागेखाली चार बोटं लाकूड पुन्हा काळं पडलेलं दिसतं. पुन्हा कापतो. असं करता करता अख्खी फांदी जाते, मग शेजारची. गुलाब, लिंबू, आंबा, कडुनिंब, कुंडीतली मिरची, इतक्या झाडांवर हे दुखणं निस्तरून झालंय की आता कुणी “शेंडे वाळतायत, कोणतं औषध मारू?” असं विचारलं की मी आधी बुंध्याचा फोटो मागते. बुंधा आणि त्याच्या भोवतीची माती दिसेल असा.

कारण बहुतेक वेळा बिघाड खाली असतो आणि दिसतो वर. पाणी मुळांकडून वर चढतं. त्या वाटेत मुळ्या कुजल्या, साल मेली, तार रुतली किंवा लाकडात बुरशी शिरली, तर सगळ्यात आधी तहानलेलं राहतं ते सगळ्यात लांबचं टोक. आपण मात्र त्या टोकावरच फवारत बसतो.

शेंडेमर, फांदीमर, लिंबूवर्गीय बागांत आरोह, किंवा आता सर्रास रुळलेला डायबॅक, काहीही म्हणा, हे एका रोगाचं नाव नाही. टोकाकडून खोडाकडे मागे मागे मरत येणं हे लक्षण आहे आणि त्यामागे डझनभर कारणं असू शकतात. म्हणून खालचा क्रम मी कधी मोडत नाही. फुकटात आणि नुसत्या डोळ्यांनी होणारं आधी, खणावं-कापावं लागणारं नंतर, प्रयोगशाळा आणि जाणकार माणूस शेवटी.

आधी खात्री करा, हे शेंडेमरच आहे ना?

नखानं किंवा चाकूच्या टोकानं फांदीची साल हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेली. टोकाकडून सुरुवात करा आणि वीतभर खाली सरकत जा. हिरवं कुठं सुरू होतं तिथं दोरा बांधा. हा दोरा फार उपयोगी पडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा खरवडलं आणि मेलेली हद्द दोऱ्याच्या खाली सरकलेली असली तर दुखणं चालू आहे. हद्द तिथंच असेल तर जे झालं ते होऊन गेलंय आणि झाडानं ते थोपवलंय. दुसऱ्या प्रकरणात सुका भाग काढण्यापलीकडे काहीच करायचं नसतं. कित्येकदा लोक इथंच नाहक औषधं ओततात.

पानगळ आणि शेंडेमर यांत गल्लत होते. पानगळीच्या झाडाची फांदी उघडी पडली तरी डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, टपोरे असतात आणि सालीखाली हिरवं असतं. मर रोग तर वेगळाच. त्यात अख्खं झाड काही दिवसांत मान टाकतं, कधी पानं हिरवी असतानाच लोंबतात. शेंडेमर सावकाश चालते. आधी टोकाची पानं लहान येतात, मग विरळ होतात, मग टोक उघडं पडतं, मग काटकी वाळते.

झाडागणिक रूप थोडं बदलतं. आंब्यात फांदीची पानं करपून कडा वर वळतात आणि वाळूनही बराच काळ गळत नाहीत. फांदी उभी चिरली तर लाकडात तपकिरी रेघा दिसतात, कधी डिंक येतो. गुलाबात छाटलेल्या टोकापासून तपकिरी-काळा पट्टा खाली उतरतो. मिरचीत कोवळे शेंडे वाळून राखाडी होतात आणि त्यावर बारीक काळे ठिपके उठतात. लिंबू-संत्र्यात पानं पिवळट, शेंडे नागडे आणि फळं बारीक होत जातात.

आता दोन पावलं मागे सरका आणि अख्खं झाड बघा. मी या एका नजरेवर बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त विसंबते.

एकच फांदी वाळली असेल आणि बाकी झाड ताजं असेल, तर बिघाड त्या फांदीवरच आहे: खोडकिडा, जखम, बांडगूळ, रुतलेली दोरी. एक बाजू वाळत असेल तर त्या बाजूच्या मुळांवर घाला पडलेला असतो. माथा सगळीकडून सारखा विरळ होत असेल तर मुळं, पाणी नाहीतर माती. फक्त गेल्या खेपेला छाटलेली टोकंच वाळत असतील तर संशय आपल्या सिकेटरवर, म्हणजे छाटणीच्या कात्रीवर. आणि शेजारशेजारची वेगवेगळ्या जातींची झाडं एकाच आठवड्यात वाळायला लागली तर ते बहुधा रोगाचं काम नसतं. तणनाशकाचा वारा, खारं पाणी, जमिनीत मुरलेलं काहीतरी, अशा दिशेनं शोधा. बऱ्याच रोगकारक बुरशी यजमान निवडतात. विष सहसा निवडत नाही.

पहिली तपासणी आठवणीची

याला हत्यार लागत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाच्या घेराखाली, म्हणजे फांद्या पसरल्यात तेवढ्या जागेत, काय काय झालं ते आठवा आणि घरच्यांनाही विचारा. पाइपसाठी चर खणला? बांधकामाचा राडारोडा पडला? गाडी उभी राहायला लागली? फरशी बसवली? मातीचा भराव टाकला? कुंडी बदलली? बोअरचं पाणी सुरू केलं? गवतावर तणनाशक मारलं?

मोठं झाड उशिरा बोलतं. मुळं तुटली तरी साठवलेल्या अन्नावर ते एक-दोन हंगाम पानं काढतं, आणि मग वर वाळायला लागतं तेव्हा चर कुणाच्या लक्षातही नसतो. एका आंब्याची पूर्वेकडची बाजू झडत होती. दोन वर्षं त्यावर बुरशीनाशकं मारून झाली होती. शेवटी घरातल्या आजींना आठवलं की त्याच बाजूला, बुंध्यापासून चार हातांवर, पाण्याच्या नळासाठी खोल चर मारला होता. एका बाजूच्या सगळ्या जाड मुळ्या त्यात गेल्या होत्या. औषधानं त्या परत येणार नव्हत्या. मुळ्या तुटलेल्या बाजूचं मेलेलं लाकूड काढलं, उरलेल्या मुळांना बेतानं पाणी दिलं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन केलं आणि घेराखाली कुणालाही खणू दिलं नाही. झाड वाकडं दिसतं, पण जगलं.

भरावाबद्दल लोकांना सांगूनही पटत नाही. पाणी आणि अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या दीड फुटात असतात, आणि त्यांना हवा लागते. त्यांच्यावर वीतभर चिकणमाती पसरली की त्या गुदमरतात. “चांगली काळी माती टाकली” असं अभिमानानं सांगणाऱ्यांच्याच झाडांवर मला ही शेंडेमर दिसली आहे.

बुंधा उघडा करून बघा

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पसरतो, हत्तीच्या पायासारखा. तो खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसला तर माती वर चढली आहे किंवा झाड खोल लावलं गेलं आहे. हातानं किंवा लाकडी काटकीनं माती बाजूला करा. खुरप्यानं साल सोलली जाते. पहिली जाड मुळी दिसेपर्यंत उकरायचं. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर हवाच. सांधा गाडला गेला की वरच्या जातीचं खोड ओल्या मातीला लागतं, आणि जी सालकुज सोसायला खुंट, म्हणजे कलमाचा खालचा भाग, निवडलेला असतो ती थेट वरच्या नाजूक सालीला भिडते.

उकरताना तीन गोष्टी शोधा. एक, रुतलेलं काही: रोपाला आधार म्हणून बांधलेली सुतळी, नावाच्या पट्टीची तार, कुंपणाचा खिळा. खोड जाड होतं, तार होत नाही; ती सालीत शिरते आणि वरून मुळांकडे येणारं अन्न तोडते. दोन, बुंध्याला विळखा घालून बसलेली त्याच झाडाची मुळी. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपांत हे हटकून असतं. तीन, सालीचा रंग. संशयाच्या जागी नखाएवढी साल खरवडा. आतून पांढरट-हिरवट दिसली तर ठीक. तपकिरी, ओली, आंबूस वासाची दिसली, किंवा लिंबूवर्गीय झाडात तिथून डिंक ओघळत असेल तर ती सालकुज आहे. ती खोडाभोवती किती पसरली आहे ते बोटानं मोजून ठेवा. पुढं कुठं थांबायचं ते या आकड्यावर ठरतं.

बुंध्याला टेकवून रचलेलं आच्छादन, शेण, विटांचा चौथरा, सगळं आजच बाजूला करा. साल कोरडी राहायला हवी. आच्छादन घेराखाली हवं, बुंध्याला चिकटून नको.

पाणी

“पाणी भरपूर देतो हो” हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. कमी पाण्यानं आणि जास्त पाण्यानं झाड वरून सारखंच दिसतं, कारण कुजलेली मुळी समोर पाणी असूनही ते पिऊ शकत नाही. म्हणून पानांकडे बघून पाणी ठरवू नका. वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. पाणी गळलं किंवा चिखल हाताला लागला तर माती गच्च भरली आहे. लाडूच वळला नाही तर कोरडी आहे. फक्त रेताड मातीचा लाडू ओलीतही नीट वळत नाही, तिथं स्पर्शाचा गारवा बघायचा.

मोठ्या झाडाला बुंध्याशी पाणी घालणं निरुपयोगी आणि धोक्याचं. पिणाऱ्या मुळ्या घेराच्या कडेखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. आळं तिथं करा. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी सालीला लागणार नाही. फळबागांत दुहेरी आळं करतात ते याचसाठी.

कुंडीतल्या झाडासाठी मी बाकी काही बघण्याआधी कुंडी आडवी करते. तळाचं भोक बुजलेलं असणं हे कुंडीतल्या शेंडेमरीचं मला सापडलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. झाड सरकन बाहेर येऊन मुळांचा घट्ट गोळा दिसला, तर बाहेरची एक बोट जाडीची जाळी कापून काढा आणि मोठ्या कुंडीत मोकळ्या मातीत लावा. वरून पाणी घातल्यावर ते लगेच खालून निथळलं म्हणजे निचरा चांगला, असंही नाही. कोरडा गोळा आकसलेला असेल तर पाणी कडेनं वाहून जातं आणि मधली मुळं तहानलेलीच राहतात.

किडे, भोकं आणि बांडगूळ

एकच फांदी वाळत असेल तर जिवंत आणि मेल्याच्या हद्दीपासून खाली बोट फिरवत या. भोक, त्यातून पडणारा भुसा, सालीवर विष्ठेच्या जाळीचे पट्टे दिसले तर आत अळी आहे. आंब्यात तिला भिरूड म्हणतात. भोकात लवचीक तार घालून अळी मारायची किंवा ओढून काढायची, मग भोक मातीनं लिंपायचं. फांदी आतून पोखरली असेल तर ती खालून कापून नष्ट करणं बरं.

सुईच्या टोकाएवढी पुष्कळ बारीक भोकं खोडावर दिसली तर प्रकरण गंभीर समजा. सालीत शिरणारे छोटे भुंगेरे बुरशी अंगावर वाहून आणतात. ओमान आणि पाकिस्तानात आंब्याची झाडं झपाट्यानं मरण्यामागे अशीच जोडी सापडली: सेराटोसिस्टिस बुरशी आणि सालीतला भुंगेरा. उलट वाळवी दिसली की लगेच तिला दोष देऊ नका. मेलेल्या सालीवर ती मागाहून येते. तिच्याखालची साल का मेली ते शोधा.

बांडगूळ ओळखायला सोपं. फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका आणि त्याच्या पुढची फांदी वाळलेली. ते फांदीचं पाणी वाटेतच घेतं. नुसतं ओढून काढलं तर पुन्हा फुटतं. ते जिथं चिकटलंय त्याच्या वीत-दीड वीत खालून फांदीच काढावी लागते.

तुमची सिकेटर

गुलाबाची एक रांग होती. दर छाटणीनंतर तीन-चार झाडं वाळायची, आणि दरवेळी पहिल्या झाडापासून सलग. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की रोगट झाडापासून छाटणी सुरू होते आणि तीच कात्री रांगभर फिरते. त्या दिवसापासून मी आजारी झाड शेवटी छाटते आणि प्रत्येक झाडानंतर पातं 70 टक्के अल्कोहोलनं पुसते. ब्लीचही चालतं, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, पण त्यानं लोखंड गंजतं. नंतर धुऊन तेल लावावं लागतं.

दुसरी चूक खुंटी ठेवण्याची. डोळ्याच्या वर दोन बोटं काडी सोडली की त्या काडीला पोसणारं पान उरत नाही. ती मरते, तिथं बुरशी बसते आणि खाली उतरते. गुलाबात डोळ्याच्या जरा वर, तिरका काप घ्या, म्हणजे पाणी साचत नाही. मोठ्या झाडात फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा, कडं कापायचं नाही आणि खुंटीही ठेवायची नाही. अमेरिकेतले वृक्षसंशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि पुढं नवं लाकूड वाढवतं. त्यांनी 1977 मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली. फांदीतून येणारी कूज अडवणारी भिंत त्या कड्यात उभी राहते, म्हणून कडं गेलं की वाट मोकळी.

आता माती खणायची

इथवर काही सापडलं नसेल आणि माथा सगळीकडून विरळ होत असेल, तर घेराच्या कडेखाली एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. दोन दिशांना घेतलात तर उत्तम. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली मुळी. पांढरी मुळी भरपूर दिसली तर झाड कामाला लागलेलं आहे. मुळ्या तपकिरी, पिचपिचीत असतील आणि दोन बोटांत धरून ओढल्यावर वरचं साल मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर मूळकुज. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या निघाल्या तर हुमणी.

दुसरी गोष्ट निचरा. खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून घड्याळ लावा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर निचरा वाईट आहे, आणि तो सुधारल्याशिवाय कोणतंही औषध टिकणार नाही.

असं ठामपणे म्हणण्याचं कारण फायटोफ्थोरा. तिला आपण बुरशी म्हणतो, पण ती खऱ्या बुरशींत मोडत नाही. तिचे बीजाणू मातीतल्या मोकळ्या पाण्यात अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातात. साचलेलं पाणी म्हणजे तिचा रस्ता. तिची सिनॅमोमी ही जात सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर सापडली आणि 1922 मध्ये तिचं वर्णन झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात तिनं जाऱ्हा या निलगिरीवर्गीय झाडांची जंगलं वाळवली, आणि तिथं डायबॅक हा शब्दच तिच्यासाठी वापरतात. तिथल्या जंगलवाटांवर बूट घासायची ठिकाणं केलेली आहेत, कारण ती चिखलातून पायांबरोबर पसरते. फॉस्फाइट या औषधानं तिचा वेग कमी होतो, ती मातीतून नाहीशी होत नाही. आपल्यासाठी यातून निघणारं काम सोपं आहे. आजारी झाडाखालची माती दुसऱ्या झाडाला टाकू नका, खुरपं आणि चपला धुऊनच पुढच्या आळ्यात जा, आणि साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्या.

शेंडे वाळतायत म्हणून युरिया देणं थांबवा. पिणारी मुळी आधीच थोडी असते. तिच्याभोवती क्षार वाढले की ती करपते, आणि जी काही लुसलुशीत फूट येते ती किडीला आवडते. खत द्यायचं ते पांढरी मुळी दिसल्यावर. मातीत मिठाचा पांढरा थर दिसत असेल, पानांच्या कडा करपत असतील तर मातीची आणि पाण्याची क्षारता तपासून घ्या. मातीची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. लिंबूवर्गीय झाडांत जस्त किंवा तांब्याची कमतरताही शेंडे वाळवते. जस्त कमी असेल तर पानं अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. पण अंदाजानं सूक्ष्म अन्नद्रव्यं ओतण्याआधी पान-माती परीक्षण करा.

मग सल काढा, मग औषध

कारण सापडलं, ते दूर केलं, तर आता सल, म्हणजे वाळलेलं लाकूड, काढायची. कोरडा दिवस निवडा. दिसणाऱ्या मेलेल्या भागाच्या खाली आणखी आठ-दहा सेंटिमीटर, निरोगी लाकडात काप घ्या. कापलेलं तोंड बघा: मध्ये तपकिरी डाग किंवा रेघ असेल तर अजून खाली जा. स्वच्छ, एकसारखं लाकूड दिसेपर्यंत. हा डाग सोडून दिला की महिन्याभरात आपण पुन्हा तिथंच उभे असतो. सुरुवातीला सांगितलेलं रडगाणं बहुतेक यामुळेच लांबतं. आंब्यातली लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी लाकडाच्या आत, दिसणाऱ्या हद्दीच्या पुढं पसरलेली असते. निरोगी दिसणाऱ्या झाडातही ती गुपचूप राहू शकते आणि झाड तहान, ऊन, जखमा यांनी खचलं की डोकं वर काढते. मेलेलं लाकूड कितीही काढा, पण जिवंत पाला एका वेळी चौथाईपेक्षा जास्त काढू नका. कापलेलं सगळं आवारातून बाहेर न्या.

मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये वेगळा. दोन्ही विरघळून थंड झाले की मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. स्वच्छ लोखंडी चाकू त्यात क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी वापरून संपवा. हातमोजे आणि चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. 1885 साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मांडलेलं हेच मिश्रण आजही टिकून आहे. डांबर किंवा ऑइलपेंट मात्र लावू नका, त्याखाली ओल कोंडते.

बोर्डोसारखं ताम्रयुक्त, म्हणजे तांबं असलेलं, औषध लाकडात शिरत नाही. बाहेरून येणारा बीजाणू रुजू न देणं एवढंच त्याचं काम. म्हणून न कापता फवारणं वाया जातं, आणि कापल्यावर, पावसाच्या तोंडाशी, नव्या फुटीवर केलेली फवारणी कामी येते. मिरचीत आणि कडुनिंबात फवारणीला जास्त अर्थ आहे, कारण तिथं रोग खरोखर वरून, कोवळ्या शेंड्यातून शिरतो. तरी मोठा कडुनिंब पावसाळ्यात करपल्यासारखा झाला म्हणून घाबरू नका. बहुतेक झाडं पुढच्या पालवीत सावरतात. मी तर मोठ्या कडुनिंबाला हातच लावत नाही. औषधाचं प्रमाण नेहमी वेष्टनावरचंच, आणि त्या पिकासाठी शिफारस असेल तरच.

मग थांबायचं. निदान दोन पालव्या जाऊ द्या. दोरा बांधलेल्या फांद्यांची हद्द बघत राहा. पानाचा आकार वाढणं ही सुधारणेची पहिली खूण असते, नव्या फांद्या नंतर येतात. बुंध्यातून सरळसोट उठणारे पाणसोट मात्र सुधारणा समजू नका. वरची वाट बंद झाली की झाड खालून फुटतं. कलमाच्या सांध्याखालचे असतील तर काढा. वरचा माथा जवळजवळ गेला असेल तर सांध्याच्या वरून निघालेला एखादा जोमदार सोट ठेवून त्याचंच नवं झाड घडवता येतं.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

जमिनीवरून पाय उचलून करवत चालवायची वेळ आली की थांबा. शिडीवर उभं राहून फांदी कापणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत जिवावरचं काम आहे. मेलेलं लाकूड ठिसूळ असतं, ते कुठं मोडेल सांगता येत नाही. युरोपात ॲशच्या झाडांवर हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. 1992 मध्ये पोलंडमध्ये प्रथम लक्षात आलेली आणि 2012 मध्ये ब्रिटनमध्ये सापडलेली ही शेंडेमर हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस या बुरशीनं होते. वाळलेला ॲश इतका ठिसूळ होतो की तो तोडणं कसलेल्या लोकांनाही धोक्याचं ठरतं, म्हणून तिथं शक्य तिथं चढण्याऐवजी यंत्रं वापरतात.

वीजवाहिनीजवळची फांदी ही वीज खात्याला कळवायची गोष्ट आहे. स्वतः बांबूनंही ढोसायची नाही.

बुंध्याशी किंवा मुळांवर बुरशीच्या फळीसारख्या कडक छत्र्या उगवल्या असतील, खोडाला उभी भेग असेल, झाड अलीकडे कललं असेल किंवा एका बाजूची जमीन उचलली गेली असेल, तर शेंडेमर विसरा. आतून कूज असू शकते आणि हिरवं झाडही कोसळू शकतं. त्याखाली मुलं, गाड्या, जनावरं थांबू देऊ नका आणि वृक्षतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

सालकुजीनं खोडाचा अर्ध्याहून जास्त घेर व्यापला असेल, किंवा अर्ध्याहून जास्त माथा मेला असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. झाड वाचण्यासारखं आहे का हे अनुभवी माणसानं ठरवू द्या. खोडात औषध टोचणंही त्यांच्यावर सोडा. प्रत्येक छिद्र ही नवी जखम असते. आणि वाळणं एका झाडावरून शेजारच्या झाडावर, पाण्याच्या उताराच्या दिशेनं सरकत असेल तर लगेच वनस्पतिरोगाच्या प्रयोगशाळेला नमुना द्या. कृषी विद्यापीठांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत ही सोय विचारता येते.

नमुना बहुतेक लोक चुकीचा नेतात. पूर्ण वाळलेली काटकी नेली तर तिच्यावर मागाहून बसलेल्या दहा बुरशी सापडतात आणि खरी हरवते. जिवंत आणि मेल्याची हद्द मध्ये येईल असा वीतभर तुकडा कापा. बारीक मुळ्या त्यांच्या मातीसह वेगळ्या घ्या, घेराच्या दोन-तीन जागांवरून, ओंजळभर. फांदी कागदात गुंडाळा, कारण प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून कुजते. मुळं-माती मात्र पिशवीत, ओल टिकेल अशी. उन्हात ठेवू नका, होईल तर त्याच दिवशी पोचवा. सोबत अख्ख्या झाडाचा आणि बुंध्याचा फोटो, झाडाचं वय, वाळणं केव्हा सुरू झालं, कोणत्या बाजूनं, दोऱ्याखाली किती सरकलं, आणि गेल्या वर्षभरात कोणती औषधं मारली ते सगळं लिहून द्या, फसलेल्या औषधांसकट.